विहिणीची नानकटाई

माझ्या विहिणीच्या दारात म्हशी आहेत, हे ती स्वतः तुम्हाला सांगत नाही. तिचं तूप सांगतं. भात वाढला की भातावर तूप, आमटीत तूप, पोळीवर तूप, आणि नको नको म्हणून तुम्ही हात आडवा धरलात तर हातावर तूप. वर हसून म्हणणार, "घरचंच हाय की." हे 'घरचंच हाय की' लग्न ठरल्यापासून मी इतक्यांदा ऐकलंय, की झोपेत कुणी म्हटलं तरी दचकून उठेन.

विहिणीचं नाव सुंदरम्मा. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं, आणि सासर वैरागचं. माझी एकुलती एक श्रीदेवी तिच्या नंदीशला दिलीय. मी सिद्धेश्वरी, सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते. आमच्याकडे म्हैस नाही. आमच्या गल्लीत दुसऱ्याची म्हैस शिरली तरी लोकांना स्कूटर काढता येत नाही. साजूक तूप आमच्या घरी सणावारी यायचं, तेही दुकानातून, आणि बाकी वर्षभर डालडा. कंपनी कुठली का असेना, वनस्पती तुपाला आम्ही सगळे डालडाच म्हणायचो.

आणि त्यात लाजायचं काही नव्हतं बरं का. माझ्या लग्नात पंगतीला जिलेबी डालड्यातली होती आणि वऱ्हाडी बोटं चाटत उठले होते. ज्या घरात डालड्याचा पिवळा डबा दिसे, ते घर खाऊनपिऊन सुखी समजत. डबा रिकामा झाला की सासूबाई त्यात तुळस लावायच्या. शेजारीण मागायला आली तर डबा द्यायच्या नाहीत. पुढं तेलाच्या पिशव्या आल्या, डबे गेले. मग मोबाईलवरचे डॉक्टर आले आणि त्यांनी एकेक गोष्ट विष ठरवायला घेतली. आता आमच्या पेठेतलेच लोक लाकडी घाण्याच्या दुकानापुढं बाटल्या घेऊन उभे असतात आणि साजूक तुपावर भाषण देतात. ज्यांची हाडं डालड्यावर पोसली ते हे लोक. देऊ देत भाषणं. घाण्याचं करडईचं तेल मीही आणते, मला वास आवडतो. पण माझ्या नानकटाईला कुणी बोलायचं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडच्या बायका मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यांत भरून भट्टीवर जातात. भट्टी म्हणजे बेकरीच, पण तिथलं विकत आणायचं नाही. सामान आपलं, हात आपला, आग तेवढी त्यांची. परातीत डालडा आणि साखर तळहातानं फेसत बसायचं, हात भरून आला तरी थांबायचं नाही, लोण्यासारखं पांढरं झालं की मैदा घालायचा. काळ्या पत्र्यांवर गोळे मांडायचे आणि आपला पत्रा दुसरीच्या पत्र्यांत मिसळू नये म्हणून तिथंच राखण करत बसायचं. माझ्या पत्र्याची राखण करावी लागत नसे. तो बाहेर आला की बायका आपणहून म्हणायच्या, हा सिद्धेश्वरीचा. वर बारीक चिरा पडलेल्या, मधे फुगलेल्या, तोंडात टाकली की विरघळणाऱ्या. लहानपणी श्रीदेवी तिथं मैद्याच्या पोत्यावर बसून असायची आणि पहिली गरम नानकटाई तिलाच लागायची. जीभ पोळायची, रडायची, आणि रडत रडत दुसरी मागायची.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी ती वैरागला पाठवली. डबा भरून. आम्ही दोघं स्वतः घेऊन गेलो होतो. सुंदरम्मानं झाकण उघडलं, एक उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "डालड्यातली व्हय?"

मी म्हटलं, "हो. नानकटाई डालड्यातच होते."

"आसंल, आसंल. सोलापूरच्या मानसांला चालतंय." एवढं बोलून डबा फळीवर गेला. दुपारी गोठ्याकडं गेले तर ज्वारीची खुरपणी करणाऱ्या बायका चहाबरोबर माझी नानकटाई खात होत्या. चवीनं खात होत्या हो, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घरातल्या एकाही माणसानं तिला तोंड लावलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोलापूरला येईपर्यंत एसटीत मी आमच्या ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. जसं काही डबा त्यांनीच फळीवर ठेवला होता.

त्यानंतर बारीकसारीक पुष्कळ झालं. श्रीदेवीचं वजन वाढलं, गाल वर आले. जो तो म्हणायचा, सासरचं तूप मानवलं पोरीला. म्हणजे माझ्या घरी ती काय वारा खाऊन राहत होती? फोनवर बोलता बोलता ती 'नाही'च्या जागी 'न्हाय' म्हणायला लागली. आणि सासूला ती म्हणते अव्वा. मला आई. अव्वा मी माझ्या आईला म्हणायचे. लेकीला मात्र शाळेत बरं दिसावं म्हणून मीच 'आई' म्हणायला शिकवलं, आणि अव्वा हा शब्द आयता त्या बाईला मिळाला. मला जळायला होतं. हो, होतं. मत्सर म्हणा, काहीही म्हणा, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मग श्रीदेवीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. मी पाळण्याच्या दोऱ्या धुऊन ठेवल्या, मधली खोली रिकामी केली. तेवढ्यात वैरागहून हळूहळू एकेक सूर यायला लागला. सोलापुरात पाणी रोज येत नाही. पत्र्याच्या घरात उकाडा फार. डॉक्टरीण बार्शीची आहे, हातगुणाची आहे. आणि शेवटी ठेवणीतलं, बाळंतिणीला घरचं तूप पाहिजे. नंदीश बिचारा दोन्हीकडं मान हलवायचा. शेवटी त्याचे चुलते संगप्पा, त्या घरातले वडीलधारे, त्यांनी ठरवलं की कुबसाच्या दिवशी पोरीलाच विचारायचं. सातव्या महिन्यात गरोदर बाईला हिरवी साडीचोळी नेसवून ओटी भरतात, त्याला आमच्यात कुबसा म्हणतात. कार्यक्रम सासरी, आणि माहेरच्यांनी पक्वान्नांचे डबे घेऊन जायचं. त्या दिवशी चारचौघांत श्रीदेवी जे म्हणेल ते.

कुबसा मे महिन्यात आला. आदल्या आठवड्यात श्रीदेवीचा फोन. "आई, मला काय पण नको. नानकटाई आण. आपली."

"आणते गं राणी," मी म्हटलं. फोन ठेवला आणि तिथंच माझी अक्कल गहाण पडली. पोर म्हणाली 'आपली', आणि मला दिसली फळी. मला दिसल्या सुंदरम्माच्या नाकपुड्या. ह्या वेळी तिथं अख्खं गोत जमणार, तिच्या जावा, नणंदा, संगप्पा. सगळ्यांसमोर ती झाकण उघडणार आणि विचारणार, डालड्यातली व्हय? आणि त्यानंतर पोरीला विचारणार की बाळंतपण कुठं करतेस.

मी साजूक तूप आणलं. चांगलं, रवाळ, गावाकडून येणारं, ओळखीच्या दुकानातलं.

आमचे हे, म्हणजे शिवपुत्र, मवाळ माणूस. पण त्या दिवशी त्यांनीसुद्धा पेपर खाली ठेवला. "अगं, पोरीनं आपली म्हटलंय. आपली डालड्यातली असते."

"तुम्हाला काय कळतंय? तिच्या सासरी हसू करून घेऊ होय?"

"हसले तर हसले. खाणार कोण आहे?"

"गप्प बसा," मी म्हटलं. ते गप्प बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली की त्यांना आता ते चांगलं जमतं.

मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे काय, ते सोलापूरकरालाच विचारावं. सकाळी नळाचं पाणी कढत येतं. भट्टीवर जाऊन मी डब्याचं झाकण काढलं तर रवाळ तुपाचं पार पाणी झालेलं. डालडा हट्टी असतो, उन्हाळ्यातही गोळा धरून बसतो, म्हणून तर त्याची नानकटाई फुगते. हे मला काय माहीत नव्हतं? अर्धं आयुष्य त्या परातीत गेलंय माझं. पण त्या दिवशी मला वाटलं, हात आहे ना माझा. हात सांभाळून घेईल. फेसायला गेले तर फेस येईना, साखर खाली आणि तूप वर. मैदा घातला, आणखी घातला, रवा घातला. मनातल्या मनात सुंदरम्माला शिव्या घातल्या. गोळे वळले, पत्र्यावर मांडले. शेजारच्या पत्र्यावर कुणा नव्या सुनेचे डालड्याचे गोळे ऐटीत बसले होते. माझे तेव्हाच बसकण मारायला लागले.

पत्रा बाहेर आला. भट्टीवाल्या चाचांनी तो माझ्यापुढं धरला आणि तोंडभर हसले. "क्या अम्मा, नानकटाई बोले थे ना तुम? ये तो पापडां हो गये!"

बायका बघायला आल्या. एकजण म्हणाली, "हा सिद्धेश्वरीचा नसेल." ते तर फारच लागलं. मी चाचांना म्हटलं, "शुद्ध तुपातली अशीच होते. तुम्हाला सवय नाही." ते बिचारे पुढचा पत्रा काढायला वळले. चपट्या, कडेला तांबूस, एकमेकींना चिकटलेल्या त्या चकत्या मी सुरीनं सोडवल्या. एक खाल्ली. चव वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. तुपाचा वास असा दरवळत होता की भट्टीतला पाव लाजला असता. पण ती नानकटाई नव्हती. पुन्हा करायला वेळ होता, संध्याकाळ मोकळी होती, कोपऱ्यावरच्या दुकानात डालडा होता. मी गेले नाही. सुंदरम्माच्या घरी डालडा घेऊन जायचा नाही, हे माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वैरागला पोचलो. अंगणात मांडव, आत बायकांची गर्दी, आणि सगळीकडं तोच वास, कढवलेल्या तुपाचा. होळगीची पंगत पडायची होती. होळगी म्हणजे पुरणाची पोळी. पातेल्यात ओगराळं बुडवून सुंदरम्मा तयारच उभी होती. मला बघून पुढं आली, "या विहीणबाई, उनाचा लई तरास झाला आसंल." हसली. हिरव्या काठाची इरकल नेसली होती, शोभत होती. तेही मला आवडलं नाही.

डबे मांडले. संगप्पांनी स्वतःच हात घातला. एक चकती तोंडात टाकली, थांबले, डोळे मिटले. मी श्वास धरून उभी.

"तुपातली हाय!" संगप्पा ओरडले. "आगं ए, बघा की, साजूक तुपातली! विहीणबाई सुधारल्या!"

झालं. डब्यावर झुंबड. सुंदरम्माची नणंद म्हणाली, असली नानकटाई बार्शीत पण मिळायची नाही. जाऊ म्हणाली, आता कसं, घराण्याला शोभेल असं. कुणी चपटी म्हणालं नाही, पापड म्हणालं नाही. ज्यांनी कधी तोंड लावलं नाही ते आता पदरात बांधून घेत होते. मी फुगले. नानकटाई फुगली नाही पण मी फुगले. आमच्या ह्यांच्याकडं अशी एक नजर टाकली, म्हटलं बघा. मग सुंदरम्माचं तोंड कसं झालंय ते बघायला वळले, तर ती तिथं नव्हती. श्रीदेवीही नव्हती.

दोघी स्वयंपाकघरात होत्या. श्रीदेवी पाटावर बसली होती, हिरव्या साडीत, पोट सांभाळत, मांडीवर स्टीलचा छोटा डबा. खात होती. दोन्ही गालांत भरून खात होती, शाळेतून आल्यावर खायची तशी. डब्यात होत्या नानकटाया. गोल, मधे फुगलेल्या, वर बारीक चिरा. क्षणभर मला वाटलं, ह्या माझ्याच. मीच केल्या आणि विसरले.

"आई!" तिनं तोंडातला घास न गिळताच हाक मारली. "बघ ना, हुबेहूब तुझ्यासारखी झालीय. अव्वानं केली."

मी सुंदरम्माकडं बघितलं. ती चुलीशी उगाचच फडकं घडी करत होती.

"कशात केली?" मी विचारलं.

"डालड्यात," सुंदरम्मा म्हणाली. लाजून म्हणाली, चोरी पकडल्यासारखी. "काय करू ओ विहीणबाई? लई आटवन काढत व्हती. राती उटून बसायची, नानकटाई पायजे म्हून. तुपातली करून दिली तर ताट सारलं की तिनं. म्हनली, ही न्हवं, आईची. मग गेले बाजारात. दुकानदार हसला मला, म्हनला, काकू, दारात म्हशी आसून डालडा? म्हनलं, दे गप." तिनं फडक्याची आणखी एक घडी घातली. "भट्टी कुटली हितं? कुकरच्या बुडाला मीट पसरून भाजली. पैल्या दोन खेपा म्हशींनी खाल्ल्या."

श्रीदेवी हसली. सुंदरम्माही हसली. त्या दोघींचं ते हसणं आधी कधीतरी होऊन गेलेलं होतं, त्या दोन खेपांच्या वेळी, ह्याच चुलीपुढं. मी तिथं नव्हते. मी तेव्हा सोलापुरात ओळखीच्या दुकानातून साजूक तूप आणत होते.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला वाटलं, ती बाई वाईट असती तर किती बरं झालं असतं. तिनं माझ्या पोरीसाठी बाजारात हसं करून घेतलं आणि मी माझं हसं होऊ नये म्हणून पोरीची एक नानकटाई करू शकले नाही. हे कळत होतं आणि तरी मला तिचा राग येत होता. जास्तच येत होता. माझी जीभ पोळलेली पोर, माझा पत्रा, माझी चीर, सगळं उचलून तिनं कुकरात घातलं होतं.

"खाऊन बघा की," सुंदरम्मानं डबा पुढं केला. "काय चुकलं आसंल तर सांगा."

मी एक घेतली. दोष काढायलाच घेतली. तोंडात टाकली आणि विरघळली. गोडी बरोबर, भाजणी बरोबर. आणि मग, अगदी शेवटी, जिभेच्या टोकावर मला सापडलं. जायफळ नव्हतं. मी साखर फेसताना जायफळ किसून घालते, अगदी चिमूट, दिसत नाही, ओळखू येत नाही, पण त्याच्यावाचून ती माझी नाही. कुणाला कधी सांगितलेलं नाही. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, हुबेहूब कुठली? डालडा कुणीही आणेल. माझा हात कुठून आणशील?

"छान झालीय," मी म्हटलं, "काही चुकलं नाही." आणि तोंड पुसलं.

पंगत झाली. होळगीवर तूप, तुपावर तूप. मग श्रीदेवीला खुर्चीवर बसवलं, ओटी भरली, बायकांनी कानडी-मराठी मिसळून गाणी म्हटली. संगप्पा पानाचा विडा तोंडात सारून म्हणाले, "तर पोरी, आता सांग. कुनाचं ऐकू नगंस. बाळतपन कुटं करायचं? सोलापूरला का हितं?"

श्रीदेवीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग सासूकडं, मग मांडीवरच्या नारळाकडं. हातात तिच्या अजून अर्धी नानकटाई होती, सुंदरम्माची. मला वाटलं, तोल इकडंही जाईल नि तिकडंही जाईल. आणि मला राहवलं नाही.

"सुंदरम्मा," मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मघाशी तुम्ही विचारलंत ना, नानकटाईत काय चुकलं? चुकलं नाही, पण एक गोष्ट राहिलीय. माझ्या नानकटाईत जायफळ असतं. श्रीदेवीला विचारा. त्याच्यावाचून तिला ती कधी गोड लागलीच नाही."

आणि मी लेकीकडं बघितलं. आता ती म्हणेल, हां, तरीच! तरीच मला काहीतरी कमी वाटत होतं. एवढं म्हटलं की पुरे. पुढचं मला कुणी सांगायला नको होतं, मी तिला त्याच एसटीनं घेऊन गेले असते.

श्रीदेवीनं हातातला तुकडा बघितला. तोंडात टाकला, चावला, विचार केला. खरंच विचार केला बिचारीनं.

"व्हय?" ती म्हणाली. "मला तर काय कळलं न्हाय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुंदरम्मा तेवढी चटकन म्हणाली, "न्हाय न्हाय, फरक हायच. मला पन वाटत व्हतं, काय तरी ऱ्हायलंय." ती मला सांभाळून घेत होती. माझी विहीण, माझ्या लेकीपुढं, मला सांभाळून घेत होती.

मग श्रीदेवी बोलली. हळू बोलली, पण अडखळली नाही. "आई, रागावू नको. मी हितंच ऱ्हाते. उनात मला तितं न्हाय झेपायचं, पाणी पण रोज येत न्हाय. डॉक्टर पण हितली." मांडीवरचा नारळ सारखा करत म्हणाली, "आणि तितलं जे पायजे ते आता हितं मिळतंय की."

हे तिनं प्रेमानं म्हटलं. माझी समजूत पटावी म्हणून म्हटलं. पोटच्या पोरीनं इतक्या प्रेमानं कापल्यावर माणूस ओरडणार तरी कसं?

"तूच ये की हितं," ती म्हणाली. "सव्वा महिना ऱ्हा. अव्वा, आई आली तर चालंल न्हवं?"

"चालंल म्हंजे?" सुंदरम्मा म्हणाली. "पाय धरून आनते."

संगप्पांनी मान डोलावली, आमच्या ह्यांनीही डोलावली. कार्यक्रम छान झाला असं सगळ्यांचं मत पडलं. निघताना सुंदरम्माच्या जावेनं मला बाजूला घेऊन विचारलं, तूप मैद्याला किती घातलंत? मी म्हटलं, बेतानं. दुसरी म्हणाली, पुढच्या वेळी पण अशीच आना बरं का, तुपातली. त्या घरात मला आता फार मान आहे.

एसटीत आमचे हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. बार्शी रोडला उन्हात काही बघण्यासारखं नसतं. शेवटी म्हणाले, "पोरगी किती शहाणी झाली बघ. दोघींना दुखावलं नाही."

तेल आणि तुपाची ती एक म्हण आहे ना, ती त्यांच्या ओठावर आली होती हे मला दिसत होतं. म्हटली असती तर मी त्यांना वाटेतच उतरवलं असतं.

मी जाणार आहे. न जाऊन काय करू? ती बाई माझ्या नातवंडाला पायावर घेऊन न्हाऊ घालणार, आणि मी शुक्रवार पेठेत बसून ते फोनवर ऐकणार? छे. बाळाची टाळू भरायला मुद्दाम घाण्यावरून करडईचं तेल काढून घेतलंय, माझ्यासमोर काढलेलं, निवळलेलं. टाळूवर पहिला हात आजीचा असतो, आणि तो माझा असणार. श्रीदेवीला फोनवर मी तसं स्पष्ट सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. मग फोन बाजूला धरून आत हाक मारली, "अव्वा, टाळूला आई तेल आणतीय!"

आतून सुंदरम्माचा आवाज आला, लांबून, पण स्वच्छ. "आनू दे की. पन टाळूला आमच्यात लोनी लावत्यात. घरचंच हाय."

"ऐकलंस न्हवं आई?" श्रीदेवी म्हणाली. ती हसत होती.

"ऐकलं," मी म्हटलं. मग मी तिला विचारलं, "तुझ्या टाळूला मी काय लावत होते, आठवतं का तुला?"

"मला कसं आठवंल गं?" ती म्हणाली. "मी एवढीशी व्हते."

खरंच की. तिला कसं आठवेल?